मापवही

लांबी, रुंदी, खोली, नग.
चार रकाने. शाई निळी. खाडाखोड चालत नाही,
चुकलं तर एक आडवी रेघ, वर सही.
सोळा वर्षं मी या शहराला असं लिहीत आलेय:
कांजूरच्या आतल्या रस्त्यावर खड्डे,
खोली वीतभर.
वीतभर वर आडवी रेघ. सही.
खोली शून्य पॉइंट दोन दोन. नग सतरा.

खड्डा बुजवला की माझ्या वहीत येतो.
त्याआधी तो नुसता लोकांच्या कमरेत असतो.

पुलाचं तसं नाही. पुलाला विचारावं लागतं.
मुकादम हिरू वैतींनी पहिल्याच आठवड्यात
हातात हातोडी दिली, पाऊण किलोची, दांडा बाभळीचा.
म्हणाले, मॅडम, पूल ठोकायचा नसतो.
शेजाऱ्याचं दार वाजवतो ना, तेवढंच.
भरीव काँक्रीट खणकन ओ देतं.
आत सळई गंजून फुगली असेल
तर पाणी संपलेल्या शहाळ्यासारखं.
तिथे मी खडूने गोल काढायचे.
नाल्यावरच्या त्या पुलाखाली, तिसऱ्या गर्डरला, अकरा गोल,
आणि वरून शाळेची व्हॅन गेली की
गोलांतून बारीक पीठ माझ्या पापण्यांवर.
अहवाल दिला. फलक लागला: फक्त हलकी वाहने.
चौथ्या दिवशी फलकावर कुणा भाऊंचा वाढदिवस.

वैतींचा जीव मात्र बांधात.
पूर्वेला, मिठागरांच्या पलीकडे,
जिथे नकाशात शहर संपतं
आणि खाडीला ते कुणी कळवलेलं नाही,
तिथे मातीचा बांध. बाराशे मीटर, माथा दीड मीटर.
मध्ये उघाडी: लोखंडी झडप, दात झिजलेलं चक्र.
भरतीला बंद, ओहोटीला उघडी.
एवढंच काम, पण दिवसातून चारदा, आणि चंद्र सुट्टी घेत नाही.

खांड एकदम पडत नाही, वैती सांगायचे.
आधी खेकडा बीळ करतो.
मग पाणी नुसतं डोकावून जातं.
पुढच्या भरतीला ते ओळखीचं होऊन येतं.
आज घमेलंभर चिखल लागेल, उद्या डंपर,
परवा विचारू नका.

अंदाजपत्रकात मी लिहिलं:
खेकड्यांची बिळे बुजवणे.
वरून शेरा आला: दरसूचीत ही बाब नाही.

वैती निवृत्त झाले. शाल, नारळ, घड्याळ.
पद रिकामं. भरती बंद.
खाडीची नव्हे.

पिठोरी अमावास्या. रात्रीचे साडेबारा.
दिवसभर कोसळलेलं सगळं नाल्यात तुंबलेलं,
आणि उघाडी कुणी लावली का, याचं उत्तर
कंट्रोल रूमपासून माझ्यापर्यंत कुणाकडेच नाही.
टॉर्च घेऊन बांधावरून गेले. दोनदा घसरले.
झडप बंद होती.
चक्राशेजारी प्लास्टिकची खुर्ची,
डब्यात तांदळाची भाकरी, सुका जवळा,
खुर्चीत खात्याचाच जुना रेनकोट,
पाठीवरची अक्षरं पुसट, रेनकोटात वैती.
तुम्ही?
कागद निवृत्त झाला मॅडम, म्हणाले, कान कुठे झाला.
आणि अर्धी भाकरी पुढे केली,
टॉर्च बंद करा म्हणाले, सेल जळतो.

अंधारात झडपेपलीकडे खाडी
खांदा लावून उभी होती. ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं:
उघाडी बंद करणे.
लांबी, रेघ. रुंदी, रेघ. खोली, रेघ.
नग: एक.

लेखा विभागाची हरकत आली, लाल शाईत.
नग एक, कशाचा? खुलासा करावा.

खुलासा अजून केलेला नाही.
कागद टेबलावर आहे, उडू नये म्हणून त्याच्यावर
तिसऱ्या गर्डरचा निघालेला तुकडा.
आज भरती दुपारी बारा बावन्नला, चार पॉइंट आठ मीटर.
मी गमबूट शोधतेय.