एक्केचाळिसावा पत्ता

गुरुपाद कामकर भोकं पाडायचा,
मी पत्ते ओवायचे.
वडगावात, विहिरीशेजारच्या खोलीत,
एकोणीस वर्षं.
पुठ्ठा पातळ निघाला की तो कन्नडमध्ये शिवी द्यायचा,
दोरा तुटला की मी मराठीत.
मागाला दोन्ही कळत नव्हत्या.
त्याला एवढंच कळायचं:
इथं भोक आहे, दोरा उचल.
इथं नाही, राहू दे.

असल्या होय-नाहीतून मोर निघायचा,
तीनशे चौऱ्याऐंशी पत्त्यांचा,
मान मागं वळवून स्वतःचाच पिसारा बघणारा,
जरा आगाऊ.

शेवटच्या पत्त्यावर गुरुपाद पेन्सिलीनं लिहायचा,
एकदा या लिपीत, एकदा त्या:
न्या. विणा. उसवून बघा.
बदललं तर बदललेला पत्ता आणून द्या.
पैसे पुठ्ठ्याचे घ्यायचा आणि माझ्या ओवणीचे,
मोराचे नाही.
अरे, तुझं घर कसं चालायचं, मी म्हणायचे.
तो म्हणायचा, मोर काय मी उबवलाय?
सासऱ्यानं दिला.
त्याला कुणी दिला ते तो विसरला.

मोर खासबागेत गेला.
शालन धोत्रेनं त्याच्या पायांत तोडे घातले
आणि अकरा पत्ते आमच्या दारात आणून ठेवले,
सोबत सुक्या मिरच्यांची पिशवी.
सुळेभावीला गेला तो चोच लांब होऊन आला.
गुरुपादला ती चोच मुळीच आवडली नाही.
तरी ट्रंकेत ठेवली, वर चिठ्ठी लावली:
लांब चोच, सुळेभावी. मला पटत नाही.
ज्याला पटेल त्यानं न्यावी.

मग रविवार पेठेतल्या एका दुकानाची नोटीस आली.
इंग्रजीत. जाड, पांढरी, कडक.
शेजारच्या पोरानं बोट ठेवत ठेवत वाचली:
मोर आता दुकानाचा आहे.
वळलेल्या मानेसकट, शालनच्या तोड्यांसकट.
लांब चोचीबद्दल काही नव्हतं.

त्या रात्री गुरुपाद जेवला नाही.
भ्याला होता, खोटं कशाला सांगू.
ट्रंक खाटेखाली ढकलली, परत ओढली, परत ढकलली.
सकाळी गेले तर नोटीस अंगठ्यानं चोळत बसलेला,
पुठ्ठा जोखतो तशी.

एक्केचाळिसावा पत्ता कधीचा फाटला होता,
मोराच्या डोळ्याचा.
त्यानं नोटीस दुमडली, खळ लावली,
पाट्याखाली दाबून वाळवली, मापात कापली,
भोकं पाडली.
मी ओवली.
दुपारी वकिलाच्या सहीतून दोरा वर गेला
आणि मोरानं डोळा उघडला.

पुढं तारखा पडल्या.
दुकान हललं नाही, आम्हीही नाही.
खटला अजून आहे म्हणतात.

आता माग कॉम्प्युटरवर चालतो.
पत्ते लागत नाहीत, मीही लागत नाही.
दुकानातून पेन ड्राइव्ह येतो,
विणू देतो, उघडू देत नाही.
पाकळी चुकलेली दिसते
आणि सहाशे साड्या ती चुकलेलीच विणायची.

गुरुपादची पुतणी नीलव्वा रविवारी ट्रंक उघडून बसते.
एकेक पत्ता खिडकीपाशी धरते, फोटो काढते.
भोक तिथं एक, नाही तिथं शून्य.
काकू, हे तर तुम्ही आधीच लिहून ठेवलंय, म्हणते.
कुलूप न लावता देणार आहे ती, मागेल त्याला,
काकाची पेन्सिल दोन्ही लिप्यांत टाइप करून.

एक्केचाळिसाव्यापाशी थांबली.
भोकांच्या मधे अक्षरं दिसतायत, पुसू?
राहू दे, म्हटलं.

आणि ही लांब चोच?

गुरुपाद खाटेवर होता, भिंतीकडे तोंड करून.
आम्हाला वाटलं झोपलाय.
तीही घाल, म्हणाला.
पण खाली लिही,
मला पटत नाही.