मधला आवाज

तबकडीच्या पाकिटावर एक जाडा माणूस उभा आहे.
काळा कोट, एक हात खुर्चीच्या पाठीवर,
जणू खुर्चीत आत्ता कोणी बसलं होतं
आणि उठून गेलं.
नावावर चहाच्या कपाचं गोल बूड उमटलेलं.
नऊ गाणी. पाच अन् चार.

माझा बाप, सुपडू तायडे, भुसावळ लोको शेडचा कॉलमन.
रात्री दोनला, तीनला सायकल घेऊन निघायचा,
ज्याची गाडी त्याचं दार.
उठवायचं फक्त ड्रायव्हरला.
त्याच्या बायकोला नाही, पोरांना नाही,
शेजारच्या फायरमनला तर नाहीच, त्याची पाळी सकाळची.
म्हणून आवाज गळ्यातून काढून चालायचं नाही.
तो बरगड्यांखालून काढायचा,
रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा,
आणि दाराच्या फळीतून तो
नेमका एकाच कानात जायचा.

क्लॅन्सीसाहेबानं तो आवाज हेरला.
मे महिन्यात एका दुपारी, वाळ्याच्या ताट्या भिजवून झाल्यावर,
बापाला व्हरांड्यात बसवून ही तबकडी लावली.
डोरीनमेम म्हणाली, या नाटकांत
उंच आवाजाचा मुलगी घेऊन जातो,
खोल आवाजाचा राजा असतो, नाहीतर पाद्री.
ये बीच का है, सुपडू.
हा बाप होतो, वैरी होतो,
नाहीतर तो दोस्त, जो आधी मरतो.

बाप बराच वेळ ऐकत राहिला.
मग विचारलं, दुसरा कुठंय?
कारण गाणारा कोणाशी तरी बोलत होता,
मधेच थांबत होता,
आणि उत्तराच्या जागी नुसती व्हायोलिनं.
साहेब म्हणाला, बाकीचे यात नाहीत.
नऊ नाटकांतून एकट्या याचाच भाग कापून घेतलाय.
बाप म्हणाला, म्हंजे माह्यासारखं.
बंद दारापुढं.

दुसऱ्या बाजूची पहिली ओळ त्यानं उचलली.
शब्दांची टरफलं टाकली, स्वर तेवढे ठेवले.
त्यानंतर क्लॅन्सीच्या दाराशी त्यानं कधी
‘साब, गाडी’ म्हटलं नाही.
ती एक ओळ गायची, अंधारात, सायकल कमरेला टेकवून.
दार उघडायचं. साहेब हसत हसत बुटाच्या नाड्या बांधायचा.
अकरा वर्षं.
मधल्या काळात वाफ गेली, डिझेल आलं.

जानेवारीतल्या एका रात्री ओळ दोनदा गायली.
तिसऱ्यांदा गायला तेव्हा फायरमन उठला, पोरं उठली,
यार्डापलीकडची कुत्री उठली.
दार मेमनं उघडलं.

पर्थला जाताना ती तबकडी देऊन गेली, वाजवायचं यंत्रही.
आम्ही भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर बसलो की
बाप ती लावायचा.
भिंतीपलीकडून भंगाळेकाकू ओरडायच्या,
सुपडूभाऊ, कोन मेलं?

मागच्या वर्षी दवाखान्यात एक सिस्टर भेटली,
केरळची, रोमला सहा वर्षं राहिलेली.
तिला ती बाजू ऐकवली. तिनं सुई मागे घेतली, पुन्हा ऐकलं,
आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं:
नीज. पहाट अजून लांब आहे.
तुला उठवायला कोणी येणार नाही.

चिठ्ठी मी चार दिवस उशाखाली ठेवली.
पाचव्या दिवशी वाचून दाखवली.
बाप एक्क्याण्णव वर्षांचा, खाटेवर,
केळ सोलता सोलता थांबला.
तरीच, म्हणाला.
दार उघडता उघडता हासे कामून तो मानूस.

केळ खाऊन झालं.
वाटलं, विषय संपला.
मग भिंतीकडे बघत म्हणाला,
एकच रात त्यानं गान्याचं आयकलं.

आणि साल माझ्या हातात दिली.