मुरघास

गावाचं नाव कोप.
कुणाचा, कुणावर, ते पाटीवर लिहिलेलं नाही.
छत्तीस नंबरचा रस्ता कोलोरॅडोच्या या कोपऱ्यात येतो,
धान्याच्या उंच कोठीच्या सावलीत जरा रेंगाळतो
आणि कॅन्ससकडे निघून जातो.
वर्षाचा पाऊस पंधरा-सोळा इंच,
तोही वाऱ्याला विचारून.

मी चारा तपासते.
पोटापाण्याचं काम माझं:
दुसऱ्यांच्या गाईंचं पोट,
दुसऱ्यांच्या विहिरींचं पाणी.

व्हर्ना क्रेबिलचा फोन आला तेव्हा
सप्टेंबर अर्धाही सरला नव्हता
आणि गाडीची काच पांढरी.
"ज्वारी उभी आहे, हिरवीच दिसते.
गाई कुंपणाला छाती लावून आहेत. सोडू?"
नको, म्हटलं. फाटकाला साखळी घाल, मी येतेय.

पानं ठेचून बाटलीत घातली,
वर पिवळ्या कागदाची पट्टी टांगली.
आम्ही दोघी ट्रकच्या पाठीवर बसून
कागदाचा रंग बघत राहिलो, दूध उतू जाईल की काय तसं.
विटकरी झाला.
त्या विषाचं लांबलचक नाव मी तिला सांगितलं.
माणदेशात, जिथं माझे दुधाचे दात पडले,
तिथं किरळ लागणं म्हणतात,
ते स्वतःलाच.

एकोणीस गाई, एक बदललेला गुडघा,
आणि गंजीत गवत नाताळपर्यंतच.
मग कापू या, म्हटलं. कुट्टी करून पुरू या.
तिच्या दिराने, ऑर्व्हिलने, ओढ्याकाठी खड्डा काढला
आणि दोन दिवस ट्रॅक्टर मागेपुढे, मागेपुढे.
हवा हाच चोर, मी ओरडत होते, दाब अजून!
काळा प्लास्टिक, त्यावर जुने टायर.
लांबून वाटावं, कुणीतरी गाड्या पेरल्यात.

"तुमच्याकडे याला काय म्हणतात?"
मुरघास.
"मुर म्हणजे?"
मला सांगता येईना.
पाणी जमिनीत करतं ते.
कैरी बरणीत करते ते.
माणूस एखाद्या कामात वर्षानुवर्षं करतो ते.
आणि दिसत नसेल कुठे होतंय, तर संशय.
व्हर्ना म्हणाली, एवढ्या सगळ्याला एकच शब्द?
तुम्ही काटकसरी लोक.

पंचेचाळीस दिवसांनी एक कोपरा उघडला.
आंबूस वास, थोडा सफरचंदाचा,
थोडा माझ्या आईच्या हाताचा, हे मी बोलले नाही.
कागद पिवळाच राहिला.
म्हातारी पर्ल पुढे आली, हुंगलं,
माझ्याकडे असं बघितलं की मी पदवी दाखवावी,
मग खाली मान घालून जी सुरू झाली.

कडेचा थर मात्र बुरशीने काळा पडला होता.
तो गाईला चालत नाही.
व्हर्नाने तो बादल्या-बादल्यांनी
घरामागच्या भाजीच्या वाफ्यांत नेऊन पसरला,
जिथं गेली तीन वर्षं भोपळ्याला
मुठीएवढ्यावर जायची इच्छाच नव्हती.
मे संपताना त्यातच मी चवळी टोचली.
शेंगा तव्याला, वेल गोठ्याला.

जूनमध्ये पाऊस आला, वीस मिनिटं.
रस्त्यावरून, अंगणातून, नांगरटीतून
लगबगीने ओढ्याकडे निघून गेला,
इथं कुणाशी ओळख नसल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी व्हर्ना वाफ्यात बसली होती,
चांगला गुडघा टेकून, दुसरा लांब पसरून.
काळा थर बाजूला सारून तिनं बोट खुपसलं,
दोन पेरं आत गेलं.
वर बघून म्हणाली, "मुर्ला?"

क्रियापद चुकलं होतं, लिंगही.
मी शेजारी बसले, माझं बोट घातलं,
आणखी थोडं खोल.
खाली अजून कोरडं होतं.
तसं तिला सांगितलं.