सोडतानाचा रकाना

कलिन्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
पितळी वजनं लावायचा एक आकडा आहे.
तो चापाला अडकवायचा, नळी आढ्याकडे,
आणि वजनं चढवत जायची
सोनार गुंजा चढवतो तशी,
खट् होईपर्यंत.
तेवीस वर्षं मी हेच लिहिते आहे:
सव्वादोन किलो. तीन किलो.
एकदा तर साडेचारशे ग्रॅम,
म्हणजे शिंक आली तरी पुरे.

मुद्देमाल क्रमांक चौदा. लाखेचं सील शाबूत.
चाप ओढला, खट्.
बोट सैल केलं,
पुन्हा खट्.
शिपाई तांडेल दारातून म्हणाला,
"बाई, ही दोनदा बोलली."

साकीनाक्याच्या गाळ्यात
हरेश्वर पांचाळने घडवलेला
नखाएवढा पोलादाचा तुकडा.
काम सुबक. अहवालात लिहायचं नसतं, पण सुबक.
कानशीचे ओरखडे सगळे एकाच दिशेला,
नेटक्या मुलीच्या वहीतल्या अक्षरांसारखे.

सेशन्स कोर्टात खंबाटा वकील कलम वाचतात:
चापावर दाब दिल्यावर
दाब काढेपर्यंत, नाहीतर गोळ्या संपेपर्यंत
जे झाडतच राहील, ते निषिद्ध हत्यार.
"इथे एका दाबाला एकच गोळी. बरोबर?"
बरोबर.
"आणि दाब काढल्यावर?"
आणखी एक.
"म्हणजे व्याख्येच्या बाहेर?"
साहेब, व्याख्या तुमची.
माझा फक्त आकडा.
परवाना नव्हताच, त्यावर वाद नाही.
वाद एवढाच, की किती वर्षं.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला,
पुरवणी अहवाल मागितला, पुढची तारीख दिली.

बाहेर आले तर काळ्या घोड्याच्या पदपथावर
कुणीतरी चित्रं मांडून बसलेला,
आणि मला उगाच आई आठवली.
तिच्या तोंडी चाप म्हणजे आवर.
खर्चाला चाप, जिभेला चाप,
थोरल्या काकांच्या विड्यांना चाप.
बोट मागे घेणं म्हणजे
जाऊ दे, म्हणणं.
राग आलेल्या माणसाकडे तेवढंच असतं,
सुई जाईल एवढी फट.
पांचाळने नेमकी तीच वापरली.
त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता,
गिऱ्हाइकाने सांगितलं, बाई, मी मोजमाप पाळलं.
मीही तेच करते.

संध्याकाळी पुरवणी अहवाल भरायला घेतला.
छापील रकाना: चाप ओढण्यास लागलेले वजन.
दोन किलो एकशे चाळीस.
सोडण्यासाठी रकानाच नाही.
ज्याने हा नमुना छापला, त्याच्या काळी
सोडणं मोजायची गरज नसावी.
समासात पेन्सिलीने लिहिलं:
सोडताना, काहीच लागत नाही.
तांडेल कुलूप घेऊन उभा होता.
"पेन्सिलीचं कोर्टात कोण वाचतं?"

खरं आहे.
खोडरबर बाजूला सारला,
शाईचं पेन काढलं,
आणि पट्टीने एक नवा रकाना आखायला लागले.