ळ कमी पडतो

व्यंकटपुऱ्यात एका बसक्या खोलीत आमचा छापखाना.
खिळे मुंबईहून आणलेले, दुसऱ्या हातचे,
त्यात ळ सगळे मिळून सात.
हे आधी सांगून ठेवतो.

दिनकरपंत खासनीस कचेरीतली कारकुनी सुटल्यावर
औषध काढू लागले. संजीवन सार.
मागल्या पडवीत पातेलं, त्यात ओवा, सुंठ, कापूर,
आणि शेवटी दार लावून जे ओतत
त्याचा वास गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा.
बाटलीस एक राणीछाप रुपया, टपालहशील निराळे.
लेबलावर खुद्द राणी,
खालच्या ओठाला शाई जास्त लागलेली,
जणू पहिला घोट तिनंच घेतला.

जाहिरात मी जुळवायचो. दुखणीही मीच.
पंत म्हणत, "जागा उरते आहे, आणखी चार रोग घाल."
घालायचो, पण ळ मोजून.
पोटशूळ, कावीळ, मूळव्याध, डोळे येणे, गळू,
की कप्पा जवळजवळ रिकामा.
मग दमा, खोकला, संधिवात, पडसे,
हातापायांची आग, मनाची उदासी.
त्या साली सातारा जिल्ह्यात
बिनळाचे रोग फार बरे झाले.

प्रशस्तिपत्रंही माझ्याच डोक्यातली.
"येसबा रामजी फडतरे, मौजे वाठार, लिहितात की
सहा वर्षांचा पोटशूळ तिसऱ्या घोटास गेला."
नाव सुचलं ते. गाव स्टेशनच्या पाटीवरून.
एक ळ उरला होता, म्हणून पोटशूळ.

पौषात एक माणूस दारात उभा.
खांद्यावर घोंगडं, एक वहाण पायात,
अंगठा तुटलेली दुसरी हातात.
"म्या येसबा फडतरे."

मला वाटलं, आता शिव्या.

"कुलकर्ण्यानं वाचून दावलं. नाव माजं, बाचंबी खरं.
समदा गाव इचारतोय, कसं बरं वाटलं म्हून.
पोट तर रोजच दुकतंय.
मग म्हनलं, मी ज्यानं बरा झालो
त्ये औशीद मला वाईच द्या की."

पंत जेवायला गेले होते.
बाटल्या मागं ओळीनं मांडलेल्या.
माझा हात तिकडे गेला नाही, डब्याकडे गेला.
फडक्यात बायकोनं बांधलेली पुरचुंडी होती,
ओवा, पादेलोण, हिंगाचा खडा,
कारण माझंही पोट बरेच दिवस ठीक नव्हतं.
"कोमट पाण्यातून घ्या. हिंग उगाळून बेंबीभोवती.
नाहीच राहिलं तर सरकारी दवाखान्यात दाखवा."
त्यानं हुंगलं. तोंड उतरलं.
"ह्ये तर घरीच हाय."

मग लेबल लावलेली एक रिकामी बाटली घेतली,
पुरचुंडी तीत ओतली, बूच दाबून बसवलं.
राणीला पाहून त्याला निम्मं बरं वाटलं.
कनवटीचा रुपया काढू लागला. घेतला नाही.
यात पुण्य काही नाही.
वहीत मांडणार कसा?
गिऱ्हाईक जाहिरातीत आधीच बरं झालेलं.

वैशाखात एका पैशाचं कार्ड आलं:
"पोट कधी दुखते, कधी नाही. बाटली उत्तम आहे.
मुलगी तीत खोबरेल ठेवते." खाली अंगठा.

छापखान्यात आलेलं खरं पत्र हे एवढंच.
जुळवायला घेतलं. ळ एकही लागला नाही.
पंतांनी कच्चा छाप डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
म्हणाले, "यात औषध कुठं आहे?"

खिळे परत ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकले.
'बाटली' तेवढी पट्टीत राहून गेली
आणि दुसऱ्या दिवशी, कुणाच्याही ध्यानात न येता,
मंगळवार पेठेतल्या एका मुंजीच्या पत्रिकेवर
मुहूर्ताच्या शेजारी छापून निघाली.