पोपडा

खेल्दीच्या चर्चची उत्तरेकडची भिंत
तीन हिवाळे ओल धरून होती.
चौथ्यात, ऐन उपासाच्या आठवड्यात,
पोपडा सुटला आणि देवाचा चेहरा
मेणबत्त्यांच्या वाळूत पडला.
चाळून काढला तर मूठभर चुना,
त्यात डोळा असावा असा एक काळा ठिपका.
अंगरखा शाबूत. हात शाबूत.
मानेच्या वर नुसता गिलावा.

मी त्बिलिसीहून आले,
शेवटचे आठ मैल खेचरावर, रंगांच्या पेट्यांसकट.
फोटो कुणाकडेच नव्हता.
देवाचा फोटो कशाला काढायचा, तो कुठे जातोय?
म्हटलं, जन्मभर बघितलाय तुम्ही,
तुम्ही सांगा, मी रेखाटते.

माक्वाला म्हणाली, माझ्याकडे तो कधी बघायचा नाही.
डावीकडे, खिडकीबाहेर, डोंगराकडे बघायचा.
मुद्दाम.
(तिचे दोन मुलगे त्याच डोंगराच्या हिमलोटात गेले.)
मी मान डावीकडे वळवली.

छे, रोखून बघायचा, म्हणाला बिमुर्झा,
दारात उभं राहिलं तरी नजर चुकवता यायची नाही.
त्यानं तरुणपणी शेजाऱ्याची बैलजोडी
खिंडीपलीकडे नेऊन विकली होती म्हणे.
गावात सगळ्यांना ठाऊक,
तोंडातून कुणी काढत नाही.

मधमाश्या पाळणारा जोकिया एवढंच म्हणाला :
हसायचा.
कसा?
मूल खोटं बोलतंय हे कळलेला बाप हसतो, तसा.

सगळ्यात बारकाईनं सांगितलं गुराम मास्तरांनी.
डाव्या भुवईतली खाच, कपाळावरच्या तीन आठ्या,
खालच्या ओठाचा उतरलेला रंग.
पण तुम्ही तर मानत नाही ना?
तीस वर्षं भांडतोय त्याच्याशी, म्हणाले,
ओळखणार नाही का?

सात वर्षांची पाती म्हणाली,
तिथे चेहरा नव्हताच, धूर होता.
तिला गप्प केलं.

अकरा कागद झाले.
रात्री चीज आणि पावाच्या मधोमध पसरले,
आणि जेवण राहिलं बाजूला.
ही तर तुझी सासू! याला दाढी कुठली!
माक्वालाच्या कागदातला देव
तिच्या थोरल्यासारखा दिसत होता,
त्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

हातात काय आहे त्याच्या, मी विचारलं.
काजळीनं काळं झालेलं काहीतरी होतं.
देव जाणे, म्हणाले, आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी पावाच्या मऊ लगद्यानं
हात पुसायला घेतला.
काजळीखालून छप्पर निघालं, मग दार,
मग तळहातावर मावेल एवढं
हेच चर्च.
आणि मनगटाखाली लाल अक्षरं :
हे बांधणाऱ्या पापी अर्झाकानसाठी
प्रार्थना करा.

मी मोठ्यानं वाचलं.
वाचायला नको होतं का?
बराच वेळ फक्त खालच्या नदीचा आवाज.
मास्तर बाकावर बसले. म्हणजे
मी इतकी वर्षं एका जमीनदाराशी भांडत होतो?
बिमुर्झाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं,
आणि थोड्या वेळानं
पुन्हा चढलं, तेही दिसलं मला.
माक्वाला भिंतीजवळ गेली.
बिचारा, म्हणाली,
आम्ही त्याच्याकडे मागत होतो
आणि तो आमच्याकडे.
तिनं एक मेणबत्ती लावली,
कुणाला ते सांगितलं नाही.

चेहऱ्याच्या जागी मी ताजा चुना भरला, कोरा.
वाळायला तीन आठवडे लागतात,
तोवर ठरवा, म्हटलं.
त्यांनी अजून ठरवलेलं नाही.
पातीचं पत्र येतं, लिहिते,
धूर बसायला लागलाय.

उतरताना घाटात पेटी उघडली
तर कागद बारा.
बारावा कुणी सांगितला नव्हता.
खेचर थांबवलं नाही.
कागद उलटा ठेवला
आणि झाकण लावून घेतलं.