‘असं का?’ या पानासाठी

छापखान्यात एकोणीस वर्षं लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या,
आता या मुलांच्या संगणकभाषेची माहितीपुस्तिका लिहिते.
बिनपैशाचं काम. दार उघडं,
कुणीही यावं, दुरुस्त करून जावं.

नऱ्ह्यात, इद्रिस मणियारच्या चौथ्या मजल्यावर
रात्री पावणेबारापर्यंत वाद झाला तो एका शब्दाचा:
जिथे काहीच मूल्य नसेल तिथे काय लिहायचं?
इद्रिस म्हणाला, ‘नाही’. एकच. सुटसुटीत.

मी म्हटलं, अरे, नाही वेगळं, नको वेगळं,
नव्हे त्याहून वेगळं.
डब्यात साखर नाही.
मला साखर नको.
आणि ही साखर नव्हेच, मीठ आहे.
तिन्ही वेळा चहा बिनसाखरेचाच,
पण का, ते यंत्राला कळायला नको?

शाल्मली म्हणाली, मावशी, यंत्र चहा पीत नाही.
मतं पडली. सहा विरुद्ध एक.

ते पान लिहायचं आलं माझ्याचकडे.
शिकायला सोपं, लिहिलं.
गोंधळ कमी, लिहिलं.
त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा नीट मांडली.
प्रूफ वाचणाऱ्यानं लेखकाशी भांडायचं नसतं,
फार तर समासात पेन्सिलीनं
एक बारीक प्रश्नचिन्ह.

मग अडले पुढच्या ओळीवर.
वाक्य संपलं की उभा दंड का द्यायचा?
यादी शून्यापासून का मोजायची
ते इद्रिसला तोंडपाठ,
दंडाचं मात्र कुणालाच आठवेना.
घातला होता तन्मय पोळनं,
पहिल्याच महिन्यात.
तो दोन वर्षांपूर्वी निघून गेला,
हिंजवडीत कुठेसा असतो म्हणे,
फोन उचलत नाही.

‘कारण: नाही’ असं कसं लिहू?
असणारच की. दंड असा आपोआप उभा राहत नाही.
‘माहीत नाही’ लिहावं,
तर त्याला आपल्या भाषेत वेगळा शब्दच ठेवला नाही,
सहा विरुद्ध एक.

खाली शेवटची बस वळली, गिअर कुरकुरला.
मी लिहिलं:
कारण होतं. आम्ही विचारलं नाही.
आणि दिवा घालवला.

सकाळी पाहते तर पानावर एकच दुरुस्ती,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांची, इद्रिसची.
‘आम्ही’ खोडून
‘मी’.